डोळे उघडेच ठेवा, ताई

मंगळवार पेठेतल्या ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय: "वय 66. गेल्या पावसाळ्यात मोरीत घसरले, मनगट मोडलं. हात बरा झाला, पण शुक्रवारचं अंबाबाईचं दर्शन सुटलं ते सुटलंच. सून हौसेनं योगाच्या वर्गाला घेऊन गेली. तिथं सगळ्या तरण्या पोरी. मला मांडी घालता येईना. डोळे मिटले की पडतानाचंच दिसतं. सुनेला सांगितलं, गुडघे दुखतात. या वयात हे जमेल का?"

जमेल, ताई. फक्त सुरुवात वर्गातल्या सतरंजीवर नको, घरच्या ओट्यापाशी करा.

गॅस बंद असताना ओट्याला दोन्ही हात धरून अनवाणी उभ्या राहा. डोळे उघडे. लक्ष तळपायाकडे: अंगठ्याखाली भार किती, टाचेवर किती, फरशी गार लागते का. मग एक टाच हळूच उचला, टेकवा. दुसरी उचला. श्वास आपला चालू दे. ध्यान म्हणजे डोळे मिटायलाच हवेत असं कुठं आहे? एकदा पडलेल्या माणसाचं मन सारखं त्या मोरीकडे धावतं. दटावून ते गप्प बसत नाही, पण तळपायाशी बोलावलं तर येतं. रोज यायला लागतं.

मांडीचं मनाला लावून घेऊ नका. पतंजलींनी आसन सांगितलं ते "स्थिरसुखमासनम्" एवढ्यातच, म्हणजे स्थिर आणि सुखाचं बसणं. त्यात मांडी नाही. खुर्चीचाही संकोच नको. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात खुर्ची, भिंत, पट्टे यांच्या आधारानं आसनं शिकवली आणि स्वतः नव्वदीतही साधना सोडली नाही. तुम्ही खुर्ची भिंतीला टेकवा आणि पाच वेळा उठा-बसा. आधी हात टेकवून, पुढं जमेल तसं हात न लावता. रिक्षातून उतरताना मांड्यांची हीच ताकद कामी येते. पासष्टीपुढच्या माणसांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान 3 दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

मात्र साध्या घसरण्यानं हाड मोडलं, म्हणजे हाडांची घनता तपासायची का, हे डॉक्टरांना विचाराच. तोवर कंबरेतून वाकून पायाचे अंगठे धरणं नको. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून धरू नका. आणि मोरीत धरायला दांडी बसवलीत का? पत्रात तिचा उल्लेख नाही. या सगळ्याच्या आधी ती बसवा.

आता सुनेचं. ती बिचारी गुडघ्यांसाठी तेलं शोधत असेल! तिला एकदा सरळ सांगा, "गुडघं न्हाईत गं दुखत, पडायचं भ्या वाटतंय." एवढं बोललात की अर्धं ओझं उतरेल. मग गर्दीचा शुक्रवार सोडून एखाद्या कोरड्या बुधवारी तिचा हात धरून महाद्वारापर्यंत जा. तिथूनच हात जोडा, परत या. पुढच्या खेपेला चप्पल काढून आत चार पावलं. तिथला दगड तळव्याला कसा लागला, ते मला नक्की कळवा.