'द नॅक' दाखवून मीही तोंडघशी पडलोय

तुम्ही लिहिलंय की 'हलकीफुलकी ब्रिटिश कॉमेडी' म्हणून बायकोला 'द नॅक' हा सिनेमा दाखवलात आणि शेवटच्या अर्ध्या तासात ती उठून भांडी घासायला गेली. अहो, तुमची एकटी बायको उठली, माझा अख्खा हॉल गप्प झाला होता!

इकडे इंग्लंडात आमच्या मराठी ग्रुपसाठी लावला होता मी. (हॉलच्या ऑफिसने 'लायसन्स आहे' म्हणून सांगितलं, दोन दिवस आधी कळलं ते फक्त गाण्यांचं, सिनेमाचं वेगळं. पैसे गेले ते गेलेच. तुम्ही कधी लावलात तर लेखी घ्या.) पण खरी घोडचूक माझीच, आधी परत बघितला नाही. कॉलेजात असताना बघितलेला, लक्षात काय राहिलेलं तर तो पलंग, लंडनच्या रस्त्यांवरून ढकलत घरी आणतात तो. बीटल्सचा 'अ हार्ड डेज नाइट' करणारा रिचर्ड लेस्टर, १९६५ चं कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस, एवढ्या भांडवलावर मी उभा राहून 'सहकुटुंब बघा' म्हणालो.

आणि मग सिनेमाची नायिका नॅन्सी 'रेप, रेप' ओरडत सुटते तो भाग. एका दारात जाऊन सांगते तर आतली बाई 'आज नको, थँक्यू' म्हणते, दारावर आलेल्या सेल्समनला म्हणावं तसं. आमच्यातले एक काका हसायला लागले, शेजारच्या मुलीने वळून नुसतं बघितलं, तर काकांना एकदम खोकलाच आला.

त्यावर मी 'काळच तसा होता' म्हणून बसलो. तेवढं म्हणू नका, आणखी भडका उडतो. आणि ते पुरतं खरंही नाही. मूळ नाटक एका बाईचं, अ‍ॅन जेलिको यांचं, आणि तोवर पोरांच्या हातचं खेळणं असलेली नॅन्सी त्या एका शब्दाने त्या तिघा पोरांची तारांबळ उडवते हे आहेच की त्यात. पण त्यासाठी आरोप खोटा ठेवलाय, आणि मला तर पुढचंच जास्त टोचतं, त्या तिघांतला तो भिडस्त कॉलिन, आरोप आपल्यावर आला याचा त्याला जवळजवळ अभिमान वाटतो. माझ्या मते तिथे सिनेमा शिळा झालाय. मी काही समीक्षक नाही, कुणाला वेगळं वाटेल.

बाकीचा मात्र अजून ताजा आहे. ते भराभर कट्स, जॉन बॅरीचं संगीत, आणि मागे सतत चाललेली रस्त्यावरच्या वयस्कर मंडळींची कुजबुज, अगदी चाळीच्या गॅलरीतून यावी तशी 'आजकालची पोरं' छापाची. सबटायटल्स लावूनच बघा, नाहीतर ती अर्धी निसटते, माझी निसटली होती.

वहिनींना परत बसवायचं असेल तर तो पलंगाचा तुकडा तेवढा दाखवा, आणि काय म्हणाल्या ते कळवा.