मॉड्युलर किचन घ्यायच्या आधी शोरूमला जायलाच हवं का, की फोटो आणि कोटेशनवर ठरवलं तरी चालतं?

जाच. आणि घरात रोज स्वयंपाक जो करतो त्यालाच घेऊन जा, बाकीचे नसले तरी चालेल.

पहिलं काम म्हणजे ओट्यासमोर उभं राहून पोळ्या लाटायची ॲक्शन करून बघा, लाजू नका. बऱ्याच ठिकाणी ओटा 34 इंचाच्या आसपास असतो, पण आपली उंची 5 फूट असेल तर तो खांद्याला त्रास देतो आणि साडेपाचच्या वर असेल तर पाठीला. हाताचं कोपर जिथे येतं त्याच्या साधारण 4 ते 6 इंच खाली ओटा हवा. आणखी एक, शोरूममध्ये हॉब, म्हणजे ओट्यात खाली बसवलेली गॅसची शेगडी असते, तुम्ही घरी साधी शेगडी ठेवणार असाल तर त्यावर कुकर ठेवल्यावर आत डोकावता येईल का ते आत्ताच बघायचं, नंतर ग्रॅनाइट बसल्यावर काही करता येत नाही.

मग ड्रॉवर. शोरूममधले ड्रॉवर रिकामे असतात त्यामुळे सगळेच लोण्यासारखे सरकतात. तुमच्या घरातला सगळ्यात मोठा तांदळाचा डबा आणि मोठा कुकर यांची मापं टेप लावून लिहून न्या आणि ड्रॉवरची आतली उंची मोजा, चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, किती किलोचं वजन पेलणारं आहे तेही विचारा, 30 किलोचं आणि 50 किलोचं दिसायला सारखंच दिसतं.

शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दारांच्या रंगात अडकू नका, ॲक्रिलिक की लॅमिनेट ते घरी येऊन निवांत ठरवता येतं. सिंकखालचं कपाट उघडायला लावा आणि आतला बॉक्स कशाचा आहे ते विचारा. "वॉटरप्रूफ प्लाय" एवढ्यावर गप्प बसू नका, आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का दाखवा म्हणावं. आयएस 303 वाला, म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लायही चांगला असतो पण सिंकखाली मी 710 च घेईन, आणि तिथे पार्टिकल बोर्ड तर नकोच, पाणी लागलं की फुगतो आणि एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहात असाल तर यावर अजिबात तडजोड करू नका. कडांची पट्टी नखाने जरा उचकटून बघा, सुटत असेल तर तिथूनच पाणी आत जाणार. स्टीलच्या बास्केटला मॅग्नेट चिकटत नाही म्हणून ते 304 ग्रेडचं, म्हणजे चांगलं गंजरोधक स्टील आहे असं सेल्समन सांगतो पण 202 या स्वस्त ग्रेडला सुद्धा बऱ्याचदा चिकटत नाही, त्यामुळे ग्रेड बिलावर लिहून घ्या.

रेट स्क्वेअर फुटाने सांगतात तेव्हा त्यात बास्केट, हँडल, बिजागऱ्या, चिमणीचा डक्ट, फिटिंग आणि जीएसटी धरलंय का ते एकेक करून विचारा, दोन दुकानांचे आकडे नुसते शेजारी ठेवून काही कळत नाही.

ॲडव्हान्स मात्र त्यांचा माणूस घरी येऊन माप घेऊन गेल्यावर आणि प्लगपॉइंट, पाण्याचा पाइप, गॅसची लाइन दाखवलेलं ड्रॉइंग हातात आल्यावरच द्या, टाइल्स त्यानंतर लावा.