नोकरी गेली, पण गावी सांगितलेलं नाही

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. तीन आठवड्यांपूर्वी यजमानांची नोकरी गेली. नोकरीवरच टिकणारा एच-१बी व्हिसा, पदरात दोन मुलं. सासू-सासरे सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात असतात. त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून काहीच कळवलं नाही. फोनवर हसून बोलते आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडते. खंबीर राहायचंय, पण बळ कुठून आणू?

उत्तर: ताई, तुमचं निम्मं बळ हे लपवण्यातच खर्ची पडतंय.

आधी मुदतीचं बोलू, कारण झोप तीच उडवते. नोकरी सुटल्यावर अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४, म्हणजे देशात राहण्याच्या मुदतीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढेच. मोजणी साधारणपणे शेवटच्या पगारी दिवसानंतर सुरू होते. तेवढ्यात नव्या कंपनीने एच-१बीसाठी अर्ज दाखल केला, तर मंजुरीची वाट न पाहता कामावर रुजू होता येतं. तेही जमलं नाही, तर मुदतीच्या आत बी-२ साठी, म्हणजे पर्यटक म्हणून राहण्यासाठी, अर्ज करता येतो, पण त्यावर नोकरी करता येत नाही. कोब्राखाली, म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचाच विमा स्वतःच्या खर्चाने ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, आरोग्य विमा चालू ठेवायचा असेल तर त्यालाही मुदत असते आणि हप्ता चांगलाच जड पडतो, म्हणून आकडा आधी विचारून घ्या. या सगळ्या तारखा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि इमिग्रेशन वकिलाकडून तपासून घ्या. रात्री तीनला डोक्यात जे गरगरतं, त्यातलं बरंचसं त्या एका पानावर मावतं.

मुलांना सांगा. बाबा दिवसा घरी असतात हे त्यांना दिसतंच आहे. कारण कळलं नाही तर ती आपल्या मनानं काहीतरी भयंकर रचतात. दिवेलागणीला शुभंकरोती, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, एवढं मात्र मोडू देऊ नका.

आता सासू-सासऱ्यांचं. तुम्ही त्यांना नाजूक समजता, ते मला पटत नाही. दोघं सत्तरीच्या आसपास असतील, तर १९७२चा दुष्काळ त्यांनी कळत्या वयात पाहिलाय. जत तालुका म्हणजे पाण्याची कायमची ओढाताण. त्या साली माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली, लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, पोरांनी सुकडीवर, म्हणजे वाटलेल्या पौष्टिक पिठावर, दिवस काढले. विहीर आटल्यावर घर कसं चालवायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. कदाचित ते फार बोलणार नाहीत. ‘बरं, जेवलात का?’ एवढंच विचारतील. पण त्या दोन शब्दांत जो धीर असतो, तो इथल्या कुठल्याच ग्रुपवर मिळत नाही. आणि तुम्ही तो स्वतःच्या हातानं अडवून ठेवलाय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ते पैसे पाठवतो म्हणतील. गरज नसेल तर नको म्हणा, पण हट्टानं तोडून टाकू नका. त्यांनाही काहीतरी करायचं असतं. सासूबाईंना रोज मुलांशी थोडा वेळ बोलायला सांगा, तेवढाच तुम्हाला अर्ज भरायला निवांतपणा.

फोन शनिवारी रात्री नऊला लावा. तिकडे रविवारची सकाळ असते, दोघंही घरात सापडतील. बोलायला सुरुवात यजमानांनी करावी; तुम्ही शेजारी बसा.