क्रूझचा अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी

प्रश्न: ताई, दिवाळीनंतर मुंबई-गोवा क्रूझचा विचार चाललाय. आम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. जाहिरातीतला माणशी रेट आणि एजंटने सांगितलेला आकडा, कुठच्या कुठे! तो म्हणतो ऑफर संपतेय, आजच अ‍ॅडव्हान्स भरा. बाल्कनीवाली केबिन घ्यावी का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: अहो, आज काही भरू नका. जाहिरातीतला रेट बहुतेक वेळा एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी असतो, पोर्ट चार्जेस, जीएसटी आणि स्टाफची टिप, म्हणजे ते लोक ग्रॅच्युइटी म्हणतात ती, त्यात धरलेली नसते, म्हणून आकडा फुगतो, एजंट फसवतोयच असं नाही. त्याला सांगा, चौघांचं सगळं मिळून किती ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, कॅन्सल केलं तर किती दिवस आधी किती कापणार तेपण. लिहून देत नसेल तर लांबूनच नमस्कार. आणि बोट गोव्याला थांबणार ना, हेही विचारून घ्या, काही ट्रिपा नुसत्या समुद्रात फिरून परत येतात. थांबली तरी लागते मुरगावला, वास्कोजवळ, पणजी तिथून तीसेक किलोमीटर.

बाल्कनी मला तरी दोन रात्रींसाठी उधळपट्टी वाटते, पोरगं स्विमिंग पूल सोडणार नाही आणि तुम्ही त्याच्या मागे, मग बाल्कनीत बसणार कोण? पण सासूबाई खोलीतच जास्त असतील तर खिडकीवाली घ्या, इनसाइड केबिनला खिडकीच नसते, सकाळ झालेली कळत नाही. बोटीच्या मधोमध, खालच्या डेकवर, लिफ्टजवळची मागा, तिथे हलणं कमी जाणवतं. अजून एक, बऱ्याच बोटींवर केबिनच्या बाथरूमला चांगला उंच उंबरठा असतो, रात्री झोपेत पाय अडकतो, त्यामुळे सासूबाईंची अडचण आणि व्हीलचेअर लागणार असेल तर तेही बुकिंग करतानाच कळवा.

इस्त्री, किटली घरी ठेवा, आगीच्या भीतीने चेकिंगला काढून घेतात. बोट सुटते बॅलार्ड पिअरवरून, मानखुर्दवरून फ्रीवे धरलात की तिथे पोचणं सोपं आहे, पण वाशीच्या पुलावर कधी अडकाल नेम नाही आणि बोट सुटायच्या बऱ्याच आधी चेक-इन बंद होतं, तेव्हा जेवून निघू वगैरे नको, जेवण बोटीवरच.

प्रश्न: सिंगापूरहून पेनांग-फुकेत क्रूझ बुक करतोय. सिंगापूरचा व्हिसा सिंगल एंट्री चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही. बोट फिरून परत सिंगापूरलाच येते ना, मग ती दुसरी एंट्री झाली, मल्टिपलच हवा. पासपोर्ट सहा महिने तरी व्हॅलिड पाहिजे. आणि बोट सुटली की सगळ्यांचे मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, भर समुद्रात फोन बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि ते साधं रोमिंग नसतं, बिल बघून चक्कर येईल.