यूएसडीटी विकताना: खात्यात आलेले पैसे परत कोण आणि कधीपर्यंत नेऊ शकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्याकडे ९०० यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) आहेत. टेलिग्रामवर एक गिऱ्हाईक भेटलंय, ते बाजारभावापेक्षा नगामागे ३ रुपये जादा द्यायला तयार आहे. सगळे मिळून साधारण ८५,००० होतात. पैसे यूपीआयनं, पण "भावाच्या खात्यातून" येणार. तसं नको असेल तर पेपॅल या ऑनलाइन सेवेनं किंवा क्रेडिट कार्डानं द्यायलाही तो तयार आहे. तुमचं म्हणणं, यूपीआयचे पैसे एकदा आले की परत जात नाहीत, मग भीती कसली?

भीती आहे, आणि ती दोन बाजूंच्या वेळेतल्या फरकात आहे. ट्रॉनवर (यूएसडीटी ज्यावरून जातात त्यातलं एक नेटवर्क) यूएसडीटी पाठवले की मिनिटभरात व्यवहार पक्का होतो. बिटकॉइनला दर ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, सरासरी १० मिनिटं धरली तर सहा कन्फर्मेशनला, म्हणजे सहा ब्लॉकला, तासभर लागतो. त्यानंतर तो व्यवहार उलटवायची ताकद कुणाकडेच नसते, बँकेकडे नाही, पोलिसांकडे नाही, ॲपकडे नाही. रुपयांची किंवा डॉलरची बाजू मात्र काही दिवस, कधीकधी काही महिने उघडी राहते. कोल्हापूरच्या गुजरी पेठेतला सराफ चेक वटल्याशिवाय दागिना हातात देत नाही, कारण दागिना पेठेबाहेर गेला की गेला. इथं तर चेक वटल्यासारखा दिसतो आणि नंतर न वटलेला निघतो.

पेपॅल आणि कार्डाचा विषय लवकर संपवतो, कारण उत्तर सरळ नकार आहे. पेपॅलवर पैसे देणाऱ्याला तक्रार करायला १८० दिवस असतात. कार्डाचा चार्जबॅक (तक्रारीवरून पैसे उलटे फिरवणं) त्याहून वेगळा, तो कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत होतो आणि साधारण १२० दिवसांपर्यंत येऊ शकतो. "फ्रेंड्स अँड फॅमिली"नं (ओळखीच्यांना पैसे पाठवायची पेपॅलची सोय) पाठवतो म्हणाला तरी कार्ड किंवा खातं चोरीचं निघालं की पैसे मागे जातात. तोवर तुम्ही ते बँकेत काढून घेतले असतील तर पेपॅलचं खातं उणे होतं आणि वसुली तुमच्याकडून. शिवाय भारतात पेपॅलवरचे देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद आहेत. परदेशातून येणारे पैसेही माल किंवा सेवेच्या निर्यातीपोटीच घेता येतात. म्हणजे यूएसडीटीचे पैसे घेताना कारण खोटं लिहावं लागणार.

वाद झाला तर तुम्ही का हरता, हेही समजून घ्या. चप्पल कुरिअरनं पाठवली तर पोचपावती असते, सही असते, पत्ता असतो. ट्रॉनचा पत्ता म्हणजे "टी"नं सुरू होणारी ३४ अक्षरं, त्यावर नाव नाही. तुम्ही पाठवलं हे साखळीवर (ब्लॉकचेनवरच्या उघड नोंदीत) दिसतं, पण ते पाकीट (नाणी ठेवायचं वॉलेट) त्याच माणसाचं होतं हे सिद्ध होत नाही. तो म्हणणार, मला काही मिळालंच नाही.

आता यूपीआय. पाठवणाऱ्याला स्वतःच्या मर्जीनं पैसे ओढून घेता येत नाहीत, हे तुमचं बरोबर आहे. चुकून पाठवले म्हणून त्यानं तक्रार केली तरी घेणाऱ्याच्या संमतीशिवाय बँक सहसा ते उलटवत नाही. पण फसवणुकीची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राईम पोर्टलवर गेली की रस्ता वेगळा होतो. रक्कम तुमच्या खात्यातच राहते, पण तिच्यावर होल्ड लागतो, म्हणजे ती वापरता येत नाही. शिल्लक १,१२,४०० दिसते आणि वापरायला मिळतात २७,४००. बऱ्याचदा तर पूर्ण खातंच गोठवलेलं सापडतं. उसाचं बिल, दूध बिल किंवा पगार त्याच खात्यावर येत असेल तर घरच अडकतं.

"भावाच्या खात्यातून" या शब्दांमागं काय असतं ते सांगतो. दुसऱ्या राज्यात कुणीतरी जुनी बुलेट विकायची खोटी जाहिरात टाकलेली असते. तिथला एक सरळ माणूस ८५,००० द्यायला तयार होतो. जाहिरातवाला त्याला स्वतःचा नव्हे, तुमचा यूपीआय आयडी देतो. त्याच मिनिटाला तो तुम्हाला सांगतो, भाऊ पैसे टाकतोय, बघा. तुमच्या खात्यात खरोखर ८५,००० येतात. तुम्ही नाणी सोडता. बुलेट काही येत नाही, माणूस १९३० ला फोन करतो. त्याच्या ॲपमध्ये पैसे घेणारा म्हणून फक्त तुमचं नाव आहे. टेलिग्रामवाला त्या कागदपत्रांत कुठंच नाही. पैसे पुढं कुणाकुणाकडे गेले हेही तपासलं जातं, त्यामुळे त्यातले २०,००० तुम्ही बहिणीला पाठवले असतील तर तिच्या खात्यावरही होल्ड येऊ शकतो.

नगामागे ३ रुपये म्हणजे ९०० नगांवर २,७०० रुपये. चोरीचे पैसे नाण्यात बदलणाऱ्याला एवढा खर्च किरकोळ असतो. बाजारात भाव उघड असताना कुणी जादा का देतंय, हे त्याला विचाराच, आणि पटेल असं उत्तर मिळालं नाही तर तिथंच थांबा.

पी२पी ॲपचा (जिथं माणसं थेट एकमेकांना नाणी विकतात) एस्क्रो आहे ना, असं बरेच जण म्हणतात. एस्क्रो फक्त नाणी धरून ठेवतो. बँकेच्या खात्यात काय आलं, कुणाकडून आलं, हे त्याला दिसत नाही. तुम्ही रिलीज दाबलं की त्याचं काम संपलं, मग अपील करून उपयोग नाही. आणि गिऱ्हाईक एस्क्रोबाहेर करूया म्हणालं तर बोलणंच बंद करा.

माझा सल्ला: भारताच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी असलेल्या क्रिप्टो एक्स्चेंजवर (नाणी खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात) नाणी जमा करा, तिथं विका आणि पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात काढा. अशा कंपन्या मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आहेत. तिथं समोर अनोळखी माणूस नसतो, पैसे एक्स्चेंजकडून येतात. जमा करताना नेटवर्क तेच आहे ना ते बघा, टीआरसी२० (ट्रॉनवरचे यूएसडीटी) च्या जागी दुसरं निवडलं तर नाणी अडकतात. पाकिटात फी भरायला थोडे टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) ठेवा, आधी १० यूएसडीटी पाठवून पोचले की बाकीचे पाठवा. नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस लागतो, तोटा वजा करता येत नाही. १ टक्का टीडीएस एक्स्चेंज कापतं, ८५,००० वर ८५० रुपये. तो विवरणपत्रात मिळतो, बुडत नाही.

तरीही पी२पी करायचंच असेल तर त्यासाठी वेगळं खातं ठेवा, घरखर्चाचं नको. पैसे आल्यावर एसएमएस किंवा त्यानं पाठवलेला स्क्रीनशॉट बघून काही करू नका. बँकेचं ॲप उघडा, स्टेटमेंटमधली ओळ बघा: १२ आकडी यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक), रक्कम आणि पाठवणाऱ्याचं नाव. ते नाव पी२पी ॲपवरच्या केवायसीच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. वडिलांचं, बायकोचं, फर्मचं, काहीच चालत नाही. शेऱ्यात "उसने" किंवा "गिफ्ट" लिहायला सांगितलं तर ऐकू नका, उद्या तोच शेरा तुमच्याविरुद्ध वाचला जातो. आधी ५,००० चा व्यवहार करून बघतो, हा तोडगा फारसा कामाचा नाही. फसवणारा छोटा व्यवहार चोख पार पाडतो, आणि तक्रार त्या ५,००० वरही दहा दिवसांनी येऊ शकते.

टेलिग्रामवर समोरचा दोन्हीकडचं चॅट पुसू शकतो. म्हणून व्यवहार चालू असतानाच चॅट, ऑर्डर क्रमांक, ट्रान्झॅक्शन हॅश (साखळीवरचा व्यवहार क्रमांक) आणि स्टेटमेंट वेगळं जतन करा.

खातं अडकलंच तर आधी शाखेत जाऊन लेखी विचारा: तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणं, किती रकमेवर होल्ड आणि कोणता यूटीआर. तपास अधिकाऱ्याला वरचे सगळे पुरावे ईमेलनं पाठवा आणि त्या गिऱ्हाइकाविरुद्ध तुमची स्वतःची तक्रारही १९३० वर नोंदवा. वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवावा, अशी मागणी लेखी करा. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये याच धर्तीवर निर्देश दिले होते. जप्त मालमत्ता परत मिळवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. रिट (उच्च न्यायालयात थेट याचिका) करायची वेळ आली तर कोल्हापूर भागातल्यांना आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच चालू आहे. ठाणं परराज्यातलं असेल तर अर्ज कुठं करायचा ते वकिलाला ठरवू द्या. "इतके द्या, खातं उघडून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका.

आणि हे वाचेपर्यंत "भावाचे" ८५,००० आलेच असतील, तर नाणी सोडू नका. ऑर्डर ॲपवर असेल तर अपील टाका आणि नाव जुळत नाही हे कारण लिहा. तो घाईनं दुसरा यूपीआय आयडी देऊन "यावर परत करा" म्हणेल. त्यावर पाठवलेत तर मूळ माणसाचे ८५,००० तुमच्याच नावावर राहतील आणि वर खिशातले ८५,००० जातील. शाखेत लेखी अर्ज द्या: अमुक यूटीआरचे पैसे अनोळखी व्यक्तीकडून आले आहेत, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात बँकेमार्फत परत करायला माझी संमती आहे. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर पडा.