आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या संगीतात तालाखेरीज काही असतं का? जाझ, ब्लूज, रेगे ऐकून झालंय, पुढे सुरुवात कुठून करावी?

"तालाखेरीज काही असतं का" हे वाक्य मी आमच्या मंडळातल्या एका काकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. उत्तर चिडकं वाटलं तर राग तुमच्यावर नाही.

आधी तुमच्या यादीपुरतं. मोरोक्कोतल्या ग्नावांचं ऐका. सहारापलीकडून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. तीन तारांचं, खर्जात घुमणारं गेंब्री, लोखंडी करताल आणि रात्रभर चालणारा विधी. रीयुनियन बेटावरचा मालोया ऐका. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्यांचं हे गाणं फ्रेंच सरकारच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं खुपत होतं, आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. शेजारच्या मॉरिशसचा सेगा तिथल्या मराठी मंडळींनाही नवा नाही. बँजो हे मुळात अमेरिकेत नेलेल्या गुलामांचं वाद्य, भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं (मिरवणुकीतला आपला बेंजो तो नव्हे, त्याचं माहेर जपान).

आणि "नुसता ताल" म्हणणाऱ्यांनी उरुग्वेचा कांदोंबे ऐकावा. चिको, रेपिके आणि पियानो असे तीन ढोल. चिको एकच छोटा बोल न थकता धरून ठेवतो, पियानो खालून वजन देतो, रेपिके मध्ये बोलतो, छेडतो, उत्तरं मागतो. यातला एक काढून घेतला तर बाकीचे दोन अर्धवट वाटतात. याला शास्त्र म्हणायचं नसेल तर नका म्हणू, पण मग आपल्या जुगलबंदीलाही म्हणू नका.

आता ब्राझीलचा बेरिंबाव. कापोएरा या खेळ-नाच-कुस्तीतलं मुख्य वाद्य. धनुष्याला एकच तार, खाली पोकळ भोपळा, काडीनं आघात, सोबत हातात खुळखुळा. १८९० च्या दंडसंहितेत ब्राझीलनं कापोएरा हा गुन्हा ठरवला होता. हा बेरिंबाव बघून आपले लोक 'वा, काय एक्झॉटिक' म्हणतात. त्याचाच भाऊबंद बडोद्याहून गाडीनं दोन-अडीच तासांवर वाजतो, हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. मलुंगा, गुजरातच्या सिद्दींचं, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशजांचं वाद्य. तेच धनुष्य, तीच एक तार, तोच भोपळा. ब्राझीलहून इकडे आलेला नाही की इथून तिकडे गेलेला नाही. गुलामांची जहाजं आफ्रिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरून सुटत होती, एवढंच.

आपल्याला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो, आणि इतिहासाच्या पेपरातला 'मोहीम का फसली, कारणे द्या' हा प्रश्न. फार तर मलिक अंबर. अहमदाबादच्या सिदी सैयद मशिदीची झाडाची जाळी सगळ्यांना माहीत, तो सिदी म्हणजे हाच, हे किती जणांना माहीत असतं? जहाजांवरचे खलाशी, सरदारांच्या पदरचे सैनिक, घरकामाला विकत घेतलेले गुलाम, व्यापारी, असे कित्येक शतकं येत राहिलेल्या लोकांची मुलंबाळं आज गुजराती बोलतात, भरूचपासून गीरच्या जांबूरपर्यंत राहतात. जांबूरच्याच हिराबाई लोबींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

माझे बाबा बँकेत होते आणि काही वर्षं त्यांची बदली भरूच जिल्ह्यातल्या झगडियाला होती. तिथून रतनपूर जवळ. टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे. अकीकाचा व्यापार करणारा हबशी पीर म्हणून त्यांची ख्याती, कारण तिथल्या जमिनीतून अकीक निघतो आणि खंभातला जाऊन त्याचे मणी होतात. बहीण माई मिसरा आणि भाऊ बावा हबश यांचीही स्थानं तिथंच. हिंदू, पारशी, मुसलमान सगळे नवस बोलायला येतात. बाबा गुरुवारी संध्याकाळी आम्हाला घेऊन जायचे, भक्ती म्हणून कमी आणि ऐकायला म्हणून जास्त. बाबा स्वतः तबला बरा वाजवायचे, आणि मला जे काही येतं ते त्यांच्याकडूनच आलं.

सिद्दींच्या या गाण्या-वाजवण्या-नाचाला धमाल म्हणतात. तिथं पहिल्यांदा होते ती बेठी धमाल. बसून. मलुंगा, करवंटीचा खुळखुळा (त्याचं नावही माई मिसराच), आणि पायांवर उभा असलेला मुगरमान नावाचा ढोल, जोडीला लांबोडका मुसिंदो. एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. पिराची नावं, अल्लाचं नाव, मध्येच गुजराती, मध्येच पूर्व आफ्रिकेतून टिकून राहिलेले शब्द. माझा तबल्याचा कान सहा मात्रा धरायला बघायचा, दादरा म्हणून. पण डाव्या बाजूचा ढोल दोनाच्या वजनानं चालायचा, उजव्या बाजूचा तीनाच्या, आणि दोघं सम वेगवेगळीकडे दाखवायचे. बाबा म्हणायचे, "मोजू नकोस, थांब." लय इतकी हळूहळू चढते की कळत नाही, आणि मग कुणीतरी उठतं. उभी धमाल त्यानंतर. मोरपिसं, कवड्या, नारळ हवेत उडवून डोक्यावर फोडणं, हे सगळं त्या उठण्यातून येतं. तुम्ही व्हिडिओत बघितलं असेल ते फक्त नारळ.

पुढे लग्न होऊन मी बडोद्यातच राहिले आणि आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात एक वर्ष सिद्दी कलाकारांना बोलवायचं मीच सुचवलं. सांस्कृतिक समितीत ते काका. सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, मौलाबक्षांनी स्वरलेखन केलं, हे ते दर भाषणात सांगतात, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यांचं म्हणणं असं की जे लिहिता येत नाही ते संगीत नव्हे, करमणूक. मी म्हटलं, मग बोलावू या की करमणूक म्हणून. पत्रिकेवर छापून आलं 'आफ्रिकन धमाका'. भरूच जिल्ह्यातली माणसं, आमच्याहून चांगलं गुजराती बोलणारी, आणि पत्रिकेवर आफ्रिकन!

जथ्यातले म्हातारे चाचा मलुंगा घेऊन आले होते. हल्ली तो वाजवणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, "बेन, पहेलां बेठी, पछी ऊभी." मी समितीला तसं कळवलं होतं. आयत्या वेळी काका विंगेत आले. "अगं, बसून काय करणार ते? लोकांना उड्या पाहिजेत. बक्षीस समारंभ उरलाय अजून." वीस मिनिटांची बेठी कापली. चाचा काहीच बोलले नाहीत, मलुंगा भिंतीला टेकवून ठेवला. पोरं सरळ उभी राहिली, नाचली, नारळ फुटला, शिट्ट्या पडल्या. त्यांनी केलं ते उत्तमच केलं, पण न तापवलेल्या तव्यावर भाकरी टाकावी तसं ते मला बघवेना.

जेवणं झाल्यावर टेम्पो यायला उशीर होता. मागच्या हॉलमध्ये, जिथं मसालेभाताची पातेली घासायला पडली होती, तिथं चाचांनी मलुंगा काढला. कुणी सांगितलं नव्हतं. पोरांनी मुगरमान ओढून घेतला आणि बेठी सुरू झाली. ऐकायला मी, वाढपी मुलं आणि माझ्याकडे तबला शिकणारे दोघे. त्यातला धाकटा बोटांवर मात्रा मोजत होता, दर आवर्तनाला चुकत होता आणि दर वेळी हसत होता. काकाही आले तिथं. खुर्च्यावाला हिशेब मागतोय म्हणून सांगायला. क्षणभर दारात उभे राहिले, मग "आटपा आता" म्हणून गेले. नंतर कुठल्याशा बैठकीत त्यांनी पुन्हा तेच वाक्य टाकलं, तालाखेरीज काय आहे त्यात. ज्या वीस मिनिटांत ते होतं, ती यांनीच कापली होती.

एक सांगायला हवं. नारळाचा नाच करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. रिसॉर्ट, उत्सव, परदेशचे दौरे यांतून त्यांचं घर चालतं. सिदी गोमा नावाचा जथा युरोप-अमेरिकेत जाऊन आलाय. आणि सगळे सिद्दी बावा गोरचे नाहीत. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडे राहणारे, गोव्यातून पोर्तुगीजांच्या तावडीतून निसटलेल्यांचे वंशज कोकणी बोलतात. त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान तिन्ही आहेत, त्यांचा ढोल दमाम, आणि बाया फुगड्या घालतात. कोकणी येत असेल तर तुम्हाला रतनपूरपेक्षा तिथंच जास्त कळेल.

तेव्हा सुरुवात घरापासून करा, मोरोक्को कुठं पळून जात नाही. रतनपूरला उरुसात गर्दी असते, साध्या गुरुवारी जा, मोबाइल खिशात ठेवा. तुमच्या मंडळात बोलावणार असाल तर बिदागी आधी ठरवा, पत्रिकेवर त्यांच्या गावाचं नाव छापा, आणि बेठीला वेळ राखून ठेवा. समितीतलं कुणी म्हणालं की लोक कंटाळून उठतील, तर त्यांना सांगा, बडोद्यात खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या त्या बक्षीस समारंभाला.