आधी सांधा हलता कर

प्रिय मित्रा,

७ वर्षांच्या मुलाच्या पर्थेसच्या आजाराविषयी, म्हणजे खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याविषयी, तू दोन पाने लिहिलीस, शस्त्रक्रियेच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे शोधनिबंधही नीट मांडलेस. पण त्याची मांडी बाहेरच्या बाजूला किती अंशांपर्यंत जाते, हे मात्र कुठेच लिहिले नाहीस. आधी सांधा हलता कर, मग शस्त्रक्रियेचे बोल.

शस्त्रक्रिया करावी की नाही, ही तुझी कोंडी खोटी नाही. हेरिंग यांच्या २००४च्या अभ्यासात, आजार वयाच्या ८ वर्षांनंतर सुरू झालेल्या आणि 'बी' किंवा 'बी-सी' गटात बसणाऱ्या मुलांना शस्त्रक्रियेचा फायदा झाला; हे गट एक्स-रेवर गोळ्याची बाहेरची बाजू किती खचली यावरून पाडलेले, 'सी' सर्वांत खचलेला. 'सी' गटात तो दिसला नाही. नॉर्वेच्या २००८च्या अभ्यासात ६ वर्षांवरील, निम्म्याहून अधिक गोळा मृत झालेल्या मुलांत मांडीचे हाड कापून त्याची दिशा बदलणे हे पाय फाकवून ठेवणारा पट्टा आणि व्यायाम या दोहोंपेक्षा सरस ठरले. तुझा रुग्ण नेमका या दोन वयांच्या मधला. म्हणूनच केवळ वयावर निर्णय सोपवू नकोस.

रक्तपुरवठा तुटून मऊ पडलेला गोळा खुब्याच्या वाटीत खोल बसला, तरच वाटी साच्यासारखी त्याला आकार देते. पट्टा, प्लॅस्टर आणि शस्त्रक्रिया या तिन्हींमागे हाच एक विचार आहे. सांधा आखडलेला असेल, तर गोळा आत सरकण्याऐवजी वाटीच्या कडेवर अडकून बिजागरीसारखा फिरतो, आणि अशा सांध्यावर हाड कापणे म्हणजे चुकीची ठेवण पक्की करणे. विश्रांती, वेदनाशामक औषध, गरज पडल्यास भूल देऊन सांध्यात रंगद्रव्य सोडून तपासणी आणि पाय फाकवून घातलेले प्लॅस्टर, हे सारे आधी. मला 'वेळकाढू' म्हणणारे सहकारी होते, अजूनही आहेत. ते एक्स-रे पाहून निर्णय घेतात आणि मी मुलाला पलंगावर झोपवून, एवढाच आमच्यात फरक.

मात्र याचा अर्थ रेंगाळणे असा काढशील, तर मी रागावेन. नवे हाड भरू लागले की आकार बदलण्याची संधी जवळपास संपते, तेव्हा सांधा सुटताच मृत हाडाचे तुकडे पडण्याच्या अवस्थेच्या सुरुवातीलाच ठरव. आईवडिलांना हेही आधीच सांग, की हाड कापल्यावर पाय थोडा आखूड राहू शकतो, लंगडणे काही काळ वाढू शकते, कापलेले हाड जोडणारी धातूची पट्टी काढण्यासाठी बहुधा दुसरी शस्त्रक्रिया लागते आणि कोणताही मार्ग निवडला तरी हाड भरून यायला २ ते ४ वर्षे जातात.

तुझा,
एक जुना शल्यचिकित्सक